काहाल यांची दोनदा हुकलेली परीक्षा

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी चालू असलेल्या घरात एक ठरावीक काळ हमखास येतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने सराव परीक्षेचे गुण भराभर वाढलेले असतात. मग ते एका आकड्यापाशी येऊन थांबतात. मुलगा किंवा मुलगी पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसते, झोप कमी करते, आणखी एक टेस्ट सिरीज लावते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच आकडा. कधी तर दोन गुण कमीच. पहिले पाढे पंचावन्न. जेवताना बोलणं कमी होतं. आई-वडील विचारायचं टाळतात आणि ते टाळतायत हे मुलांना कळतं. नीट-पीजी असो, गेट असो की परदेशी विद्यापीठासाठीची जीआरई, दृश्य सारखंच.

अशा घरातून कोणी भेटलं की मला सान्तियागो रामोन इ काहाल आठवतात. मेंदू हे एकसलग जाळं नसून स्वतंत्र मज्जापेशींचा समूह आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ. १९०६चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक त्यांना इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांच्यासोबत विभागून मिळालं. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला त्यांचं नाव येतं ते या नोबेलसकट. पण त्यांच्या आयुष्यातली १८७८ ते १८८३ ही वर्षं मला जास्त मोलाची वाटतात. तेव्हा ते स्पर्धा परीक्षा देत होते आणि दोनदा मागे पडले होते.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२चा, स्पेनच्या उत्तरेकडच्या पेतिया दे आरागोन या डोंगरातल्या छोट्या गावातला. वडील हुस्तो रामोन खेड्यापाड्यांतून शस्त्रवैद्याचं काम करत. गरिबीतून, पोटाला चिमटा घेऊन शिकलेला माणूस. त्यामुळे मुलानं डॉक्टरच व्हायचं, हे त्यांनी पाळण्यातच ठरवलेलं. मुलाला मात्र चित्रं काढायची होती. भिंती, पुस्तकांचे समास, काही सोडलं नाही त्यानं. वडिलांना चित्रकला म्हणजे भिकेचे डोहाळे वाटत. मग रंग-कागद जप्त होणं आणि मार खाणं हे नेहमीचंच.

शाळेत पोराचं जमेना. हाका गावच्या धर्मगुरूंच्या शाळेत लॅटिन घोकून पाठ करायचं असे आणि चुकलं की छडी, उपाशी ठेवणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं. सान्तियागोची शब्दांची स्मरणशक्ती कच्ची होती. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ते मोकळेपणानं मान्य केलं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र तो विसरत नसे. शाळेला त्याचा उपयोग नव्हता. वैतागून वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे कामाला ठेवलं. चांभारकामात पोरगा तरबेज निघाला, ही गोष्ट मला फार आवडते. हात आणि डोळे जिथे लागत तिथे त्याचं डोकं चालत होतं.

१८६८च्या उन्हाळ्यात वडिलांनी एक वेगळाच मार्ग काढला. हाडांचा अभ्यास शिकवायचा, पण पुस्तकातून नाही. बापलेक चांदण्या रात्री गावच्या दफनभूमीची भिंत चढून आत गेले आणि उघड्यावर पडलेली हाडं गोळा करून घरी आले. मग माळ्यावर बसून एकेक हाड हातात घ्यायचं, फिरवायचं, खाचा-उंचवटे बघायचे आणि काढायचं. ज्या मुलाला लॅटिनच्या चार ओळी पाठ होत नव्हत्या त्याला दोन-तीन महिन्यांत मानवी सांगाडा हाडन् हाड पाठ झाला. मुलगा मठ्ठ नव्हता. शिकायची रीत त्याच्या डोक्याशी जुळत नव्हती. वडिलांच्या हे ध्यानात आलं, तेही आपला हेका न सोडता, हे त्यांचं श्रेय.

सारागोसाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८७३ मध्ये सान्तियागो डॉक्टर झाला. लगेच सैन्यात भरती. लष्करी वैद्यकीय सेवेची परीक्षा त्यानं पहिल्या फटक्यात काढली आणि १८७४ मध्ये क्यूबाला रवानगी झाली. तिथे दलदलीतल्या छावणीत मलेरिया आणि आमांशानं त्याचा पार चोथा केला. १८७५ मध्ये हाडांचा सापळा होऊन तो मायदेशी परतला. थकलेल्या पगारातून शिल्लक राहिलेले पैसे आणि बाकीचे हप्ते अशा जोरावर त्यानं एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७७ मध्ये डॉक्टरेटसाठी माद्रिदला गेला असताना तिथल्या प्रयोगशाळेत ऊतींच्या काचपट्ट्या पाहून तो भारावून गेला होता. हे जग आपल्याला घरी हवं, एवढाच विचार.

इथून पुढे त्यांना आपण अहो-जाहो करू. कारण आता खरी कहाणी सुरू होते.

त्या काळच्या स्पेनमध्ये विद्यापीठातली प्राध्यापकाची जागा अर्ज करून मिळत नसे. तिच्यासाठी खुली स्पर्धा होई. परीक्षक मंडळासमोर तोंडी उत्तरं, व्याख्यान, शवविच्छेदनाचं प्रात्यक्षिक, शिवाय दुसऱ्या उमेदवारांशी समोरासमोर वाद. वर्ष-दोन वर्षं तयारी करून माणसं माद्रिदला जात आणि एका जागेसाठी झुंजत. वडिलांच्या आग्रहानं काहाल शरीररचनाशास्त्राच्या जागांसाठी, सारागोसा आणि ग्रानाडा इथल्या, या स्पर्धेत उतरले. आपली तयारी पुरेशी नाही अशी शंका त्यांना आधीच होती. ती खरी ठरली. जागा दुसऱ्यांना गेल्या.

आता पुढचं जरा सावकाश वाचा. हरल्यावर माणूस सहसा दोनपैकी एक करतो. एक तर परीक्षकांना शिव्या देतो, नाहीतर स्वतःला. आपली लायकीच नाही, असं म्हणून मोकळा होतो किंवा दुप्पट घोकंपट्टी सुरू करतो. काहाल यांनी आपला पेपर जणू परक्याचा असल्यासारखा तपासला. शवविच्छेदनात आणि अवयवांच्या वर्णनात आपण कोणापेक्षा कमी नव्हतो, हे त्यांनी नोंदवलं. तिथे आणखी शंभर तास घातले असते तरी फारसं काही वाढणार नव्हतं. मग घोडं अडलं कुठे? जर्मन ग्रंथांतून येत असलेलं नवं भ्रूणशास्त्र त्यांना माहीत नव्हतं. प्राण्यांच्या शरीररचनेची तुलना आणि उत्क्रांतीच्या अंगानं होणारी मांडणी त्यांच्या वाचनात नव्हती. त्यांची पुस्तकं जुनी, बहुतेक फ्रेंच होती. परदेशी नियतकालिकं ते बघत नव्हते. आणि शेवटची गोष्ट त्यांना कबूल करायला सर्वांत जड गेली असणार: चारचौघांत बोलायची सफाई नव्हती. खेड्यात वाढलेला, एकांड्या स्वभावाचा हा गडी सभेत बुजायचा, आणि बुजला की त्याचं बोलणं रांगडं व्हायचं.

म्हणजे एकूण गुण तोच राहिला तरी त्याच्या पोटात काही विषय काठोकाठ भरलेले होते आणि काही रिकामे. आकडा एकच असतो, त्यामुळे तो हे लपवतो. आपल्याकडे मॉक टेस्ट झाली की मुलं एकूण गुण आणि पर्सेंटाइल बघून वही मिटतात. चुकलेल्या प्रश्नांचं पोस्टमॉर्टेम करायचं म्हणजे तीन तास आणखी जातात, आणि ते तीन तास नकोसे असतात, कारण त्यात आपलं अज्ञान समोर दिसतं. त्यापेक्षा येणाऱ्या विषयाची उजळणी सुखाची. अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, गुण मात्र जागचा हलत नाही.

आणखी एक गोष्ट या आकड्याबद्दल. एकाच विद्यार्थ्यानं लागोपाठच्या दोन रविवारी तेवढ्याच तयारीनं पेपर दिला तरी गुण थोडे मागेपुढे होतात. प्रश्न कोणते आले, अंदाज किती लागले, आदल्या रात्री झोप झाली का, यावर ते हलतात. थर्मामीटर प्रत्येक वेळी थोडा वेगळा आकडा दाखवतो तसंच हे. दोन गुण घसरले म्हणून रडू नये आणि चार वाढले म्हणून पेढे वाटू नयेत. पाच-सहा चाचण्यांचा कल बघावा.

काहाल यांनी मग जर्मन शिकायला घेतलं. ऐसपैस नाही, शास्त्रीय जर्मन वाचून समजेल एवढंच. नवी पुस्तकं मिळवली. सूक्ष्मदर्शकावर रोज बसायची सवय पक्की केली.

पण त्याच सुमारास एक मोठा आघात झाला. १८७८ मध्ये एका मित्रासोबत बागेत बुद्धिबळ खेळत बसले असताना अचानक त्यांच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. स्वतः डॉक्टर असल्यानं त्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कोख यांनी दाखवला तो १८८२ मध्ये. औषध तर त्यानंतर कित्येक दशकांनी आलं. परीक्षा हुकलेली, फुप्फुसातून रक्त येतंय, वय सव्वीस. ते खोल निराशेत गेले. मरणाचे विचार मनात घोळत असत, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

वडिलांनी त्यांना पिरेनीज पर्वतातल्या पांतिकोसाच्या झऱ्यांवर हवापालटाला पाठवलं. तिथल्या उदास रोग्यांच्या गर्दीत आधी त्यांचं मन अधिकच खचलं. मग एके दिवशी त्यांनी डॉक्टरांचं सांगणं बाजूला ठेवलं आणि डोंगर चढायला सुरुवात केली. जगत तर नाही, मग निदान हिंडू तरी, असा काहीसा बेफिकीर भाव. त्यानंतर सान हुआन दे ला पेन्या या जुन्या मठाच्या परिसरात ते राहिले. सोबत कॅमेरा होता. फोटोग्राफीचं वेड त्यांना आधीपासून होतं. आता तिनं त्यांना रोज उठवून बाहेर काढलं. जड साहित्य घेऊन चालायचं, उजेडाची वाट बघायची, काचा धुवायच्या. हळूहळू वजन वाढलं, रक्त थांबलं, मनावरचं मळभ गेलं. आपला खरा डॉक्टर कॅमेरा होता, असंच ते मानत आले.

इथे आरोग्याच्या सदराचा धर्म म्हणून सांगायला हवं: थुंकीतून रक्त आलं तर आज डोंगर चढायला जाऊ नका, तपासणी करा. क्षयावर आज खात्रीची औषधं आहेत आणि ती पूर्ण मुदत घ्यायची असतात. पण काहाल यांच्या अनुभवातला दुसरा भाग आजही लागू आहे. सतत एकाच अपयशाभोवती फिरणाऱ्या मनाला हाताला काम आणि पायाला रस्ता मिळाला की ते मोकळं होतं. अभ्यासाच्या वर्षात मुलं आधी खेळ सोडतात, मग मित्र, मग चालणं, शेवटी झोप. आणि झोप तर सोडायची शेवटची गोष्टसुद्धा नसावी. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागून सोडवलेल्या शंभर प्रश्नांतले किती सकाळी लक्षात राहतात, हे एकदा प्रामाणिकपणे मोजून बघावं. मुलाला किंवा मुलीला मरणाचे विचार येत असतील, ती तसं बोलत असेल, तर मात्र फिरायला जा म्हणून भागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं.

१८७९ मध्ये काहाल सारागोसाला परतले. स्थानिक शरीररचना संग्रहालयाच्या प्रमुखपदाची स्पर्धा त्यांनी जिंकली. पगार बेताचा. त्याच वर्षी सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न केलं. पगार असा तुटपुंजा, तब्येत तशी, शिवाय सूक्ष्मदर्शकाचा खर्च. आप्तेष्टांनी डोक्याला हात लावला. सिल्वेरिया यांनी मात्र तो संसार असा हाकला की नवऱ्याला अभ्यासाला वेळ मिळाला. काहाल यांच्या यशातला निम्मा वाटा तिचा, असं त्यांच्या ओळखीचे म्हणत, आणि ते खोटं नसावं.

१८८० मध्ये ते पुन्हा स्पर्धेला बसले. जागा ग्रानाडाची. या वेळी तयारी बरीच वरच्या दर्जाची होती. तरीही जागा मिळाली नाही. निकाल केवळ गुणवत्तेवर लागला नाही, असं त्यांना वाटत होतं आणि आत्मचरित्रात त्यांनी तो सल लपवलेला नाही.

हे दुसरं अपयश पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्या वेळी उणीव त्यांच्यात होती. दुसऱ्या वेळी त्यांच्या मते ती त्यांच्यात नव्हती. अशा वेळी चांगला चाललेला अभ्याससुद्धा माणूस मोडून टाकतो. गुण आले नाहीत म्हणजे पद्धत चुकली, असं समजून पुस्तकं बदलतो, क्लास बदलतो, वेळापत्रक उलटंपालटं करतो. काहाल यांनी तसं काही केलं नाही. ते सूक्ष्मदर्शकाकडे परत गेले. ऊतींचा दाह, स्नायूंतल्या मज्जातंतूंची टोकं अशा विषयांवर छोटे निबंध लिहिले, चित्रांचे शिळाछाप ठसे स्वतःच कोरले आणि थोड्या प्रती स्वतःच्या खर्चानं छापल्या. त्या कोणी फारशा वाचल्या नाहीत. पण तीन वर्षं ते रोज शिकत होते, आणि परीक्षा हे शिकण्याचं एकमेव कारण राहिलं नव्हतं.

१८८३ मध्ये व्हॅलेन्सिया विद्यापीठाची शरीररचनाशास्त्राची प्राध्यापकी त्यांना मिळाली. १८८४च्या सुरुवातीला बायको आणि लहान मुलांना घेऊन ते तिकडे गेले. वय एकतीस.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १८८५ मध्ये व्हॅलेन्सिया भागात कॉलऱ्याची साथ आली. काहाल यांनी तिचा अभ्यास करून अहवाल दिला आणि कृतज्ञता म्हणून सारागोसाच्या प्रांतिक शासनानं त्यांना उत्तम झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो या मनोविकारतज्ज्ञाच्या घरी त्यांनी गॉल्जी यांच्या पद्धतीनं रंगवलेली मेंदूची काचपट्टी पाहिली. पिवळसर पारदर्शक पार्श्वभूमीवर शाईनं काढल्यासारख्या काळ्या पेशी, शेंड्यापर्यंत फांद्यांसकट. त्याच वर्षी ते बार्सिलोनाला ऊतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले.

गॉल्जींची पद्धत चौदा वर्षं जुनी होती. तरी फार थोडे लोक ती वापरत, कारण ती लहरी होती. दहा वेळा करावी तेव्हा एकदा लागायची, आणि लागली तरी पूर्ण वाढलेल्या मेंदूत तंतूंचं इतकं दाट जंगल दिसे की कोणता धागा कुठे जातो हे कळत नसे. बहुतेकांनी हात टेकले. तेच रसायन, तोच मेंदू, तोच गोंधळ. काहाल यांनी दोन बदल केले. रंगवण्याची क्रिया एकदा न करता दोनदा केली. आणि प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांचे आणि लहान सस्तन प्राण्यांचे गर्भ व नवजात पिल्लं घेतली. तिथे तंतूंवरचं चरबीचं आवरण अजून आलेलं नसतं, म्हणून रंग नीट बसतो; फांद्याही कमी असतात. दाट जंगल समजत नसेल तर रोपवाटिकेत जावं, तसं.

मला इथे १८७८चे काहाल पुन्हा दिसतात. अडलं की त्याच भिंतीवर जोरानं डोकं आपटायचं नाही. नेमकं कशामुळे अडलंय ते शोधायचं आणि तेवढंच बदलायचं. १८८८ मध्ये त्यांनी दाखवलं की मज्जापेशीचे तंतू एकमेकांत वितळून जात नाहीत, ते दुसऱ्या पेशीजवळ जाऊन मोकळे संपतात. हे छापायलाही नियतकालिक नव्हतं. त्यांनी स्वतःच काढलं आणि पहिल्या अंकाच्या साठ प्रती परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. स्पॅनिश कोण वाचणार? मग १८८९च्या ऑक्टोबरमध्ये काचपट्ट्या बॅगेत घालून ते बर्लिनला जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या परिषदेला गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये, येईल त्याला सूक्ष्मदर्शकात डोकवायला लावत राहिले. वयोवृद्ध अल्बर्ट फॉन कोलिकर यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे त्यांना आपलंसं केलं. सभेत बुजणारा तो खेडवळ उमेदवार बोलण्यात फार सुधारला असेल असं नाही. पण आता त्याच्याकडे दाखवायला काही होतं.

१८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. तिथे त्यांनी एक तर्क मांडला. बुद्धीला व्यायाम मिळाला की मेंदूच्या त्या भागात नव्या पेशी तयार होत नसल्या तरी असलेल्या पेशींच्या फांद्या वाढत असाव्यात, त्यांचे दुवे अधिक दाट होत असावेत. पुढे आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी पियानोवादकाचं उदाहरण घेतलं. वादनाची सफाई यायला वर्षं लागतात. नुसत्या जुन्या वाटा रुळल्या म्हणून ती येत नाही, नव्या वाटाही फुटाव्या लागतात. आणि फांदी फुटायला वेळ लागतो. मेंदूपेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात हेही त्यांनीच १८८८ मध्ये नोंदवलं होतं. ते रंगाचे डाग आहेत म्हणून पुष्कळांनी हसण्यावारी नेलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ते काटे खरे असल्याचं आणि पेशींचे दुवे तिथेच जुळत असल्याचं दाखवलं. शिकताना हे काटे नव्यानं येतात, काही जातात, काही टिकतात, हे आता जिवंत प्राण्यांच्या मेंदूत पाहता येतं.

याच सुमारास अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर तारायंत्र शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करत होते. त्यांचे निबंध १८९७ आणि १८९९चे. तार पाठवण्याचा वेग आठवड्यागणिक वाढत जाई. तार घेण्याचा वेग मात्र काही काळ वाढून एका पातळीवर थांबे आणि आठवडेच्या आठवडे हलत नसे. दुर्दैव असं की मुख्य तारमार्गावर नोकरी मिळायला लागणाऱ्या वेगाच्या जरा खालीच तो थांबे. पुष्कळ मुलं तिथेच कंटाळून सोडून देत. जी टिकत त्यांचा वेग पुन्हा चढू लागे. ब्रायन आणि हार्टर यांचं म्हणणं असं की शिकणारा आधी अक्षरं ऐकतो, मग शब्द, मग अख्खी वाक्यं. अक्षरं इतकी अंगवळणी पडेपर्यंत की त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागू नये, शब्द ऐकायला मन मोकळं होत नाही. तोवर बाहेरून काही वाढताना दिसत नाही. पुढच्या काळात या सपाट टप्प्यावर बरेच वाद झाले. असा टप्पा प्रत्येकालाच येतो असं नाही, आणि पद्धत बदलून तो टाळताही येतो, असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे थांबलेला आकडा कधी आत काहीतरी जमत असल्याचं लक्षण असतो आणि कधी नुसतीच चुकीची सवय. कोणतं ते चुकलेले प्रश्न समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. तोच प्रकार प्रश्न सोडवताना अजून वेळ लागतो पण बरोबर येतो, तर थांबा, येईल. तोच प्रकार दहाव्यांदा त्याच कारणानं चुकतोय, तर अकराव्यांदा सोडवून उपयोग नाही; मागे जाऊन मूळ संकल्पना शिका. उत्तर वाचून मान डोलावण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतः आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हेही पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

काहाल यांनी तरुण संशोधकांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. मूळ भाषण १८९७चं. त्यात एकाग्रतेचं माहात्म्य खूप आहे, चिकाटीचंही. पण सगळं करूनही उत्तर सापडत नसेल, तर काही दिवस काम बाजूला ठेवून निवांत जागी जावं, असंही ते तितक्याच गंभीरपणे सांगतात. हा सल्ला पांतिकोसाच्या डोंगरांतून आला असणार. बाजूला काय ठेवायचं, हेही ते स्वतःवर लागू करत. बुद्धिबळाचं त्यांना व्यसन होतं, इतकं की एका वेळी चार डाव खेळत आणि रात्री स्वप्नात सोंगट्या येत. हरलो म्हणून सोडलं असं व्हायला नको, म्हणून एकदा आठवडाभर फक्त जिंकण्यासाठी खेळले, सगळ्यांना हरवलं आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षं प्याद्याला हात लावला नाही. मोबाइल दूर ठेवण्याच्या आजच्या गप्पांपुढे हे जरा जास्तच झालं, पण माणूसच तसा होता.

१८९२ मध्ये ते माद्रिदला आले ते कायमचे. १९०६च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला नोबेल घेताना गॉल्जी यांनी आपल्या भाषणात काहाल यांच्याच सिद्धांतावर टीका केली. ज्यांच्या रंगानं काहाल यांना ती पेशी दिसली, ते गृहस्थ शेवटपर्यंत जाळ्याचंच म्हणणं धरून बसले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी, ८२व्या वर्षी काहाल माद्रिदला वारले. त्याच वर्षी त्यांचं ऐंशीच्या नजरेतून जगाकडे पाहणारं पुस्तक निघालं होतं.

मेंदूची त्यांनी काढलेली हजारो चित्रं त्यांच्या नावाच्या संस्थेच्या संग्रहात आहेत. वडिलांनी जप्त केलेल्या रंगांची भरपाईच ती. जगभर प्रदर्शनांतून ती फिरतात आणि लोक कलाकृती म्हणून बघतात. मूळ कागद जवळून पाहिला तर काही ठिकाणी शाईच्या रेघेवर पांढरा रंग फासलेला दिसतो. फांदी चुकीच्या दिशेला गेली होती. तेवढीच झाकून, शेजारून ती पुन्हा काढली आहे.